मुलाची पोनीवरची पहिली जंपिंग स्पर्धा: पालकांनी आरोग्याची तयारी कशी करावी?

"डॉक्टर, फक्त एक फिटनेस सर्टिफिकेट हवंय. उद्या पहाटे पुण्याला निघायचंय. पोराची पहिली जंपिंग आहे."

कुरुंदवाडमधल्या माझ्या दवाखान्यात एका संध्याकाळी दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील आले होते. वडील उत्साहात होते. मुलगा मात्र गप्प होता आणि ट्यूबलाइटकडे बघायचे टाळत होता. मी त्याला सहज विचारले, "बाळा, एवढ्यात पडला होतास का रे?" त्याने आधी वडिलांकडे पाहिले आणि मग मान हलवली. तीन दिवसांपूर्वी सरावात पोनी आडव्या काठीसमोर अचानक थांबली आणि हा तिच्या मानेवरून पुढे गेला. डोक्यावर हेल्मेट होते. लगेच उठला, पुन्हा चढला, उडीही मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री त्याला एकदा उलटी झाली होती आणि तेव्हापासून डोके दुखत होते, हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते. सांगितले तर स्पर्धा जाईल, ही भीती.

मी सर्टिफिकेट दिले नाही. वडील नाराज झाले. फी भरलेली, गाडी ठरवलेली, राहण्याची सोय केलेली. त्यांचा राग मला समजत होता. त्या मुलाचे पुढे काय झाले ते खाली येईलच. पण आठवडाभर आधी त्या कुटुंबाला काही गोष्टी माहीत असत्या, तर ती संध्याकाळ वेगळी गेली असती. म्हणून हा लेख.

आपल्या भागाला घोडा नवा नाही. शिरोळ तालुक्यातल्या जत्रांमध्ये घोडागाडीच्या शर्यती होतात, आणि भारतीय सर्कशीचा पाया घालणारे विष्णुपंत छत्रे हे घोडे शिकवण्यात वाकबगार असलेले गृहस्थ सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. नवीन आहे ती मुलांची शिस्तबद्ध घोडेस्वारी आणि तिच्या स्पर्धा. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने घोडेस्वारीतल्या ड्रेसाज प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. अशा बातम्या घरात पोहोचल्या की मुले हट्ट धरतात, आणि हट्ट चांगला आहे. घोडेस्वारीने तोल सुधारतो, पाठ आणि पोटाचे स्नायू बळकट होतात, आणि मोबाइल दोन तास तरी हातातून सुटतो. फक्त हा खेळ उंचीवरचा आहे आणि त्यात दुसरा एक जिवंत प्राणी आहे, त्याचे स्वतःचे मन असलेला. हे लक्षात ठेवून तयारी करायची.

पोनी लहान असली तरी उंची लहान नसते

पालकांचा एक गैरसमज असतो की पोनी म्हणजे लहान घोडे, त्यामुळे धोकाही लहान. स्पर्धेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नाल न ठोकता खांद्यापाशी १४८ सेंटिमीटरपर्यंत उंची असलेला घोडा पोनी गणला जातो. त्यावर मूल बसले की त्याचे डोके जमिनीपासून मोठ्या माणसाच्या डोक्यापेक्षाही वर जाते. त्यात वेग मिळतो आणि उडीच्या वेळी शरीर पुढे झुकलेले असते. पोनी थांबली तर मूल थांबत नाही, ते पुढे जाते. म्हणून उडीतले पडणे बहुधा डोके, खांदा किंवा टेकलेल्या हातावर येते.

पहिल्या स्पर्धेत अडथळे खूप कमी उंचीचे असतात. बहुतेक ठिकाणी फुलीसारख्या ठेवलेल्या काठ्यांपासून सुरुवात करतात. काठी पडली तर चार दंडगुण मिळतात. स्वार पडला तर त्याची ती फेरी तिथेच संपते. मुलांना हा नियम कठोर वाटतो. डॉक्टर म्हणून मला तो फार आवडतो, कारण पडलेल्या मुलाला पुन्हा उचलून बसवण्याचा मोह त्याने टळतो. सरावाच्या मैदानावर असा नियम नसतो, आणि तिथेच चूक होते.

तपासणीला कधी यावे, आणि काय लपवू नये

आदल्या संध्याकाळी नको. तीन-चार आठवडे आधी या. तेवढ्या वेळात एखादी लस देता येते, दम्याचे औषध बसवता येते, चष्म्याचा नंबर बदलता येतो.

मी मुलाचे हृदय, छाती, रक्तदाब, नजर, सांधे तपासतो आणि पोट हाताने दाबून पाहतो. पोट कशाला, असे पालक विचारतात. पावसाळ्यानंतर आपल्याकडे टायफॉइड, डेंग्यू, मलेरियाचे रुग्ण येत राहतात. यांतल्या काही आजारांत प्लीहा, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूला बरगड्यांखाली असणारा अवयव, सुजून मोठी होते. ताप उतरल्यावरही ती काही काळ मोठी राहू शकते. अशा वेळी पडून किंवा लाथ लागून पोटाला मार बसला तर ती फाटून आत रक्तस्राव होण्याची भीती असते. डेंग्यूमध्ये प्लेटलेट कमी झालेल्या असतील तर तीही अडचण. त्यामुळे गेल्या महिना-दीड महिन्यात मोठा ताप येऊन गेला असेल तर ते आवर्जून सांगा. मूल खेळतंय, जेवतंय, म्हणजे घोड्यावर बसायला तयार आहे, असे होत नाही.

फिट येण्याचा आजार आपल्याकडे सगळ्यात जास्त लपवला जातो. विशेषतः मुलगी असेल तर. "लहानपणी तापात एकदा आली होती" इथपासून "रोजची गोळी चालू आहे पण कुणाला सांगू नका" इथपर्यंत सगळे प्रकार मी पाहिले आहेत. तापात आलेली एखादी फिट ही काळजीची बाब नसते. पण चालू आजार असेल तर घोड्यावर बसायचे की नाही, हे मेंदूविकार तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे लागते, आणि प्रशिक्षकालाही ते माहीत असले पाहिजे. मी ते तिसऱ्या कुणाला सांगत नाही, पण मला तरी सांगा.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठीही घोडेस्वारी उपयोगी ठरते. मात्र त्यांच्यापैकी काहींच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो, म्हणून आधी मान तपासून घ्यावी.

दमा किंवा ॲलर्जी असेल तर स्पर्धेच्या दिवशीचे तबेल्याचे वातावरण त्रास देऊ शकते. वाळलेल्या गवताची धूळ, घोड्याचे केस, कोंडा. रोजचा इनहेलर चुकवू नका. स्वारीआधी जादा पफ घ्यायचा का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. तातडीचा इनहेलर मुलाच्या खिशात नको, आईच्या पर्समध्ये असू द्या. पडताना खिशातली कडक वस्तू बरगडीत रुतते.

धनुर्वात आणि चावा

घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. हे जुनेच सत्य आहे, पण "लहानपणी सगळ्या लसी झाल्यात" म्हणून पालक निश्चिंत असतात. आपल्या लसीकरण वेळापत्रकात पाच ते सहा वर्षांचा बूस्टर आणि त्यानंतर १० व १६ वर्षांना टीडी ही लस असते. दहाव्या वर्षाची लस बऱ्याच मुलांची राहून जाते. कार्ड काढून बघा. मातीने माखलेली खोल जखम झाली आणि शेवटच्या डोसला पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर एक डोस द्यावा लागतो. मुळात डोसच पूर्ण नसतील तर शिवाय वेगळे इंजेक्शनही लागू शकते.

घोडा चावतो. लाडाने दिलेले गाजर आणि बोट यांत त्याला दर वेळी फरक कळतोच असे नाही. गाजर तळहात सपाट ठेवून द्यायला शिकवा. चावा बसून कातडी फाटली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात या. घोड्यालाही रेबीज होऊ शकतो. लस घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका.

पोनीच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर तो गजकर्णासारखा बुरशीचा आजार असू शकतो, आणि तो मुलांना लागतो. नाकातून घट्ट चिकट स्राव येत असेल तर जवळ जाऊ नका आणि मालकाला पशुवैद्य बोलवायला सांगा. बाकी रोजचा नियम एकच, पोनीला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

हेल्मेट: इथे काटकसर नको

सायकलचे किंवा क्रिकेटचे हेल्मेट चालत नाही. घोडेस्वारीचे हेल्मेट डोक्याच्या मागच्या भागालाही सांभाळते. विकत घेताना आत एएसटीएम एफ ११६३ किंवा पास ०१५ असा मानकाचा शिक्का आहे का ते पाहा. भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर ते बसले पाहिजे. पट्टा न लावता मुलाला मान हलवायला सांगा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर, हेल्मेट एकटेच फिरले तर मोठे आहे. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून एक माप मोठे घेणे हा आपला आवडता हिशेब. बुटांत तो एक वेळ चालेल, हेल्मेटमध्ये नाही.

एकदा डोक्यावर पडल्यानंतर ते हेल्मेट बाद. बाहेरून तडा दिसत नसला तरी आतला थर दबलेला असतो आणि दुसऱ्या वेळी तो काम करत नाही. क्लबचे हेल्मेट वापरत असाल तर ते कितीदा पडलेले आहे हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून स्वतःचे घ्या. उवांचा प्रश्नही सुटतो. लांब केस असतील तर मानेपाशी खाली एक वेणी घाला. टाळूवरचा अंबाडा हेल्मेट वर उचलतो.

पायात टाच असलेले बूट हवेत. स्पोर्ट्स शूज रिकिबीत घुसून अडकतो आणि मूल फरफटत जाऊ शकते. छाती-पाठीला संरक्षण देणारे जॅकेट उडीसाठी घालाच. मात्र एक समजून घ्या की ते बरगड्यांना वाचवते, मानेला नाही. गळ्यातली साखळी, हातातले कडे, लोंबते कानातले, ओढणी, तोंडातले च्युइंगगम हे सगळे घरी. चष्मा असेल तर न फुटणाऱ्या प्लास्टिक काचांचा, मागून पट्टा लावलेला. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. निदान दोन आठवडे सरावात घाला. मांड्यांच्या आत घासून कातडी सोलवटत असेल तर शिवण नसलेली सुती आतली चड्डी आणि थोडे व्हॅसलीन पुरते.

एक प्रश्न आया हळू आवाजात विचारतात. मुलीची पाळी स्पर्धेच्या दिवशी आली तर? बसू दे. घोडेस्वारीने काही बिघडत नाही. पॅड आणि एक जादा पँट बरोबर ठेवा. फार पोटात दुखत असेल तर नेहमीची वेदनाशामक गोळी जेवणानंतर देता येते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मात्र पहिल्या स्पर्धेसाठी शाळकरी मुलीला देऊ नका.

प्रवास, जेवण, पाणी

आपल्याकडून पुणे-मुंबईच्या स्पर्धेला जायचे तर निम्मा दिवस गाडीत जातो. शक्यतो आदल्या दिवशी पोहोचा. खंबाटकीच्या घाटात उलटी होऊ नये म्हणून जी गोळी देतात, ती गुंगी आणते आणि तिचा अंमल बरेच तास राहतो. सर्दी-खोकल्याची अनेक सिरपही तशीच. रात्री गोळी देऊन पहाटे निघायचे आणि सकाळी मुलाला घोड्यावर बसवायचे, हे दारू पिऊन गाडी चालवण्याच्या जातीचे आहे. स्पष्ट लिहितो, कारण सहज दिले जाते.

मुलाला आदल्या रात्री निदान नऊ तास झोप हवी. पहिल्या स्पर्धेच्या आदल्या रात्री ती लागत नाही, हेही खरे. म्हणून त्याआधीच्या तीन-चार रात्री झोप पुरी करून घ्या.

स्वारीच्या दोन-तीन तास आधी नेहमीचे, हलके खाणे. पोहे, उपमा, वरणभात, एखादे केळे. मिसळ नको. आणि आमच्या कुरुंदवाडची बासुंदी कितीही लाडकी असली तरी ती परत आल्यावर. भीतीने मूल काहीच खात नसेल तर जबरदस्ती करू नका. केळ्याचे दोन घास आणि थोडे लिंबूसरबतही चालते. पूर्ण उपाशी मात्र बसवू नका, चक्कर येते. देवासाठी धरलेला उपवास आई-वडिलांनी करावा, मुलाला करायला लावू नये.

हेल्मेट, जॅकेट, बूट अशा पोशाखात मुलाला घाम भरपूर येतो आणि ते जॅकेट अंग थंड होऊ देत नाही. दर वीस-तीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी द्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. आपली पाळी यायला वेळ असेल तर मुलाला सावलीत बसवा, जॅकेट आणि हेल्मेट काढून ठेवा. ऊन लागून मूल विचित्र बोलायला लागले, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतके गरम झाले, तर ते नुसते थकणे नाही. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसेच ओले ठेवून रुग्णालयात न्या.

पोटात गोळा येतो तेव्हा

स्पर्धेच्या सकाळी पोटात दुखणे, चार वेळा लघवीला जाणे, हात गार पडणे हे नेहमीचे आहे. याला गोळी नाही आणि नको. मुलाला मैदानातून चालत अडथळे बघायला देतात, त्या वेळी प्रशिक्षकाबरोबर त्याला जाऊ द्या. पावले मोजताना लक्ष भीतीवरून कामावर येते. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे पाच वेळा. त्याने खरेच नाडी थोडी मंदावते.

कठड्याबाहेरून सूचना ओरडू नका. मुलाला प्रशिक्षकाचा आवाज ऐकायचा असतो, आणि घोड्याला कुणाचाच नको असतो.

पण एक फरक ओळखायला शिका. "भीती वाटते, तरी करायचंय" म्हणणारे मूल आणि "मला नको" म्हणणारे मूल वेगळे. दुसऱ्याला त्या दिवशी उतरवू नका. ताठरलेले मूल लगाम घट्ट ओढते, मांड्या आवळते. पोनीला दोन उलट आज्ञा मिळतात आणि ती थांबते किंवा उधळते. म्हणजे नको म्हणणाऱ्या मुलाला ढकलणे हे लाजेचा नाही, अपघाताचाच प्रश्न होतो.

पडल्यावर पहिली दहा मिनिटे

धावत जाऊन बगलेत हात घालून उभे करू नका. हे सगळ्यात आधी. घोडा दुसऱ्या कुणाला धरू द्या. मुलाला आहे तसे पडू द्या, जवळ बसा, नाव घ्या, काय झाले विचारा. मान किंवा पाठ दुखते म्हणाले, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, किंवा ते शुद्धीवर नसेल, तर मान हलवायची नाही. हेल्मेटही काढायचे नाही, श्वासाला अडथळा होत नसेल तर. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. कांदा, चप्पल हुंगवणे तर विसराच. १०८ ला फोन करा. मैदानावर रुग्णवाहिका असते का, कुठे उभी असते, हे सकाळी पोहोचल्या पोहोचल्या विचारून ठेवलेले असावे. नसेलच, तर जवळचे मोठे रुग्णालय कोणते ते विचारा.

हात टेकून पडल्यावर मनगट किंवा खांद्याजवळचे हासळीचे हाड मोडणे नेहमीचे. आपल्या भागात इथे हाडवैद्याचा रस्ता धरला जातो. चोळून घेणे आणि बांबूच्या कांब्या घट्ट बांधणे. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग असतो. तो चोळताना सरकला तर हात वाकडा किंवा आखूड राहू शकतो. घट्ट बांधल्याने सूज आतल्या आत दाबली जाऊन रक्तपुरवठा बंद पडतो, बोटे कायमची आखडतात. मी असा हात पाहिला आहे, दुरुस्त होण्याची वेळ निघून गेल्यावर. घडी केलेले वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा हाताखाली धरून ओढणीने सैलसर बांधा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावा आणि एक्स-रे होईल अशा ठिकाणी जा.

पोटावर लाथ बसली किंवा पोनी अंगावर पडली, तर मूल ठीक दिसले तरी रुग्णालयात दाखवा. यकृत किंवा प्लीहेतून रक्त हळूहळू झिरपते. तासाभराने मूल फिकट पडते, नाडी जलद होते, पोट कडक होते, कधी डाव्या खांद्यात दुखते. लघवीत रक्त दिसू शकते. तोपर्यंत थांबायचे नसते.

डोक्याचा मुका मार

आता त्या मुलाकडे परत येतो. त्याला झाला होता तो मेंदूचा मुका मार, ज्याला कन्कशन म्हणतात. कवटी फुटत नाही, सीटी स्कॅनमध्ये बहुधा काही दिसत नाही, पण मेंदूला हादरा बसून त्याचे काम काही दिवस विस्कळीत होते. बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही. बहुतेक मुले पडत नाहीत. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, उजेड आणि आवाज नकोसा वाटणे, गोंधळल्यासारखे होणे, पडल्याचा प्रसंगच न आठवणे, चिडचिड, जास्त झोप किंवा झोपच न येणे, ही लक्षणे. काही लगेच दिसतात, काही दुसऱ्या दिवशी.

हेल्मेट असूनही हे होते. हेल्मेट कवटी वाचवते. आत मेंदू हलतो, तो हेल्मेटला पूर्ण थांबवता येत नाही.

असा मेंदू सावरायच्या आत पुन्हा मार बसला तर, क्वचित का होईना, मेंदूला अचानक सूज येऊ शकते, आणि मुलांमध्ये ती जीवघेणी ठरली आहे. शिवाय तोल आणि चपळाई कमी झालेली असल्याने पुन्हा पडण्याची शक्यताच वाढलेली असते. म्हणून मी सही केली नाही. शंका असेल तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर नाही, हा नियम जगभर पाळतात आणि त्याला पहिल्या स्पर्धेचा अपवाद नाही.

पुढच्यापैकी काहीही दिसले तर घरी वाट पाहू नका: पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, हाक मारूनही नीट न उठणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय कमजोर होणे, डोळ्याच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाक-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव. कुरुंदवाडहून तर सरळ सांगली-मिरज किंवा कोल्हापूर गाठा. सीटी स्कॅन आणि मेंदूचे शल्यचिकित्सक तिथे आहेत. माझ्या दवाखान्यात थांबून वेळ घालवू नका.

"रात्रभर झोपू द्यायचं नाही ना?" हा प्रश्न हमखास येतो. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर झोपू द्या, मेंदूला झोप हवीच असते. पहिल्या रात्री डॉक्टर सांगतील तेव्हा एक-दोनदा उठवून बघा, ओळखतो का, नीट बोलतो का. दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना द्यायचेच नाही, आणि इतर वेदनाशामक गोळ्याही डोक्याच्या मारानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत स्वतःहून देऊ नका.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल-टीव्ही कमीत कमी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवायची गरज नाही. मग घरात, अंगणात चालणे. डोके दुखायला लागले तर एक पायरी मागे. आधी शाळा पूर्ववत, मग हलका व्यायाम, आणि घोडा सगळ्यात शेवटी. लक्षणे पूर्ण गेल्यानंतरही निदान दोन आठवडे स्वारी नाही, आणि तीही डॉक्टरांनी पुन्हा तपासल्यावर. सुरुवात पोनीच्या साध्या चालीपासून, उडी त्यानंतर काही दिवसांनी.

त्या मुलाची डोकेदुखी नवव्या दिवशी थांबली. शाळा सुरू झाली तरी आठवडाभर गणित करताना डोके जड व्हायचे. महिन्याभराने तो तपासणीला आला, तेव्हा वडिलांनी नवे हेल्मेट बरोबर आणले होते, माप बरोबर आहे का विचारायला. मी पट्टा न लावता त्याला मान हलवायला सांगितली. बरोबर होते. सर्टिफिकेट लिहिले, पण तारखेखाली एक ओळ जास्त घातली: पुढील दोन आठवडे उडी नाही. पुढची स्पर्धा अडीच महिन्यांनी होती. तिथे त्याच्या दोन काठ्या पडल्या, आठ दंडगुण. नंबर आला नाही. मला दाखवायला तो फोटो घेऊन आला होता, त्यात पोनीचे डोळे मिटलेले आहेत आणि याचे चांगलेच उघडे.

स्पर्धेहून परत आल्यावर, मूल पडले असो वा नसो, दोन दिवस त्याच्याकडे थोडे लक्ष ठेवा. मांड्या आणि पाठ दुखणे साधे असते, दोन-तीन दिवसांत जाते. एकाच जागी बोट ठेवून दुखते म्हणाले, लंगडू लागले, किंवा पडल्याचे आता सांगतोय असे म्हणाले, तर रागवू नका, आणि त्याच दिवशी दाखवून घ्या.